इंजिनिअरिंगचं कॉलेज कसं निवडायचं: सीईटीच्या निकालापासून प्रवेशाच्या पावतीपर्यंत

सीईटीचा निकाल लागला की घरातला फोन थांबत नाही. मामा म्हणतात पुणंच बघा, शेजारचे काका म्हणतात कॉम्प्युटर सोडून काही घेऊ नका, क्लासच्या सरांची यादी तिसरीच असते. सगळे मनापासूनच सांगतात, पण त्यातल्या बहुतेकांनी ज्या कॉलेजचं नाव घेतलं त्याचं एक कागदही पाहिलेलं नसतं. हा लेख त्या कागदांबद्दल आहे. कोणते कागद, ते कुठे मिळतात, त्यातली कोणती ओळ वाचायची आणि मग ऑप्शन फॉर्म, म्हणजे हव्या त्या कॉलेज-शाखांची क्रमवार यादी, कसा लावायचा, हे मी क्रमाने सांगतो. उदाहरण महाराष्ट्रातल्या कॅप फेऱ्यांचं, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचं, आहे, कारण राज्यातली बहुतेक मुलं त्याच वाटेने जातात.

माझी कसोटी एकच आहे, आणि पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. कॉलेजच्या बॅनरवर पहिल्या पाच मुलांचे फोटो आणि त्यांचं पॅकेज असतं. ती मुलं कुठेही गेली असती तरी पुढे गेली असती. तुम्ही बघायचं ते वर्गातल्या मधल्या मुलाचं काय होतं: साठ जणांत जो तिसावा आहे, तो चार वर्षांत वेळेत पास होतो का, त्याच्या हाताला काही काम येतं का, शेवटी तो कुठे जातो. आपलं मूल त्या तिसाव्या जागेच्या आसपास असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे, हे धरूनच निवड करावी.

आधी दारं मोजा

पहिलं दार जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेचं. त्या गुणांवर जोसाच्या, म्हणजे केंद्रीय संस्थांच्या एकत्रित प्रवेश यंत्रणेच्या, फेऱ्यांतून नागपूरचं व्हीएनआयटी, नागपूर आणि पुण्याच्या ट्रिपल आयटी मिळतात. व्हीएनआयटी ही एनआयटी, म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, असल्यामुळे तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात. ट्रिपल आयटीत असा राज्याचा कोटा नाही. जेईईत बरे गुण असतील तर जोसाचा फॉर्म भरायचाच, कॅपमध्ये काय होईल याची वाट बघत बसायचं नाही. दोन्ही प्रक्रिया वेगळ्या आहेत आणि दोन्हीत एकाच वेळी राहता येतं.

दुसरं दार कॅपचं, म्हणजे राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं. शासकीय, अनुदानित आणि खासगी विनाअनुदानित कॉलेजं यात येतात. जेईई दिलेल्यांनी इथेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: खासगी कॉलेजांत १५ टक्के जागा अखिल भारतीय असतात, त्या जेईईच्या गुणांवर भरतात आणि महाराष्ट्रातल्या मुलांनाही त्या खुल्या असतात. सीईटी बिघडली पण जेईई बरी गेली, अशा मुलांना यातून चांगलं कॉलेज मिळून जातं, फक्त अर्जात जेईईचा तपशील भरायचा राहायला नको.

तिसरं दार अभिमत आणि खासगी विद्यापीठांचं. त्यांच्या परीक्षा वेगळ्या, फी वेगळी, आणि ती फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवत नाही. यातली काही विद्यापीठं खरोखर चांगली आहेत, गोव्याचं बिट्स तर देशात नावाजलेलं आहे. पण अनेक ठिकाणी सीईटीचा निकाल लागण्याआधीच ‘जागा राखून ठेवा’ म्हणून पैसे मागतात. द्यायचेच असतील तर प्रवेश रद्द केल्यावर किती परत मिळतील आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर एक रुपयाही देऊ नका.

पदवी कोणाची आणि पेपर कोणाचा

इथे विद्यापीठाचा प्रश्न येतो आणि बहुतेक घरांत तो कोणी विचारतच नाही. एखादं कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी किंवा मुंबई विद्यापीठाशी साधं संलग्न असेल, तर अभ्यासक्रम विद्यापीठाचा, पेपर विद्यापीठाचा, तपासणी विद्यापीठाची. फायदा हा की शेजारच्या कॉलेजची मुलंही तोच पेपर देतात, त्यामुळे दर्जाची तुलना होते. तोटा म्हणजे निकाल लांबतात आणि अभ्यासक्रम बदलायला वर्षं लागतात.

कॉलेज ऑटोनॉमस असेल तर अभ्यासक्रम आणि पेपर दोन्ही त्यांचेच, पदवीवर मात्र नाव विद्यापीठाचं. स्वायत्तता चांगल्या शिक्षकांच्या हातात असली की तिचं सोनं होतं. नवा विषय एका वर्षात आणता येतो, प्रोजेक्टला खरे मार्क देता येतात, इंटर्नशिपसाठी अख्खं सत्र मोकळं करता येतं. शिक्षक नसतील तर तीच स्वायत्तता मार्क वाटायच्या कामी येते. हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. त्या कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाकडून मागच्या दोन वर्षांचे सत्रअखेरचे पेपर मागा. मेकॅनिकल असेल तर हीट ट्रान्सफरचा, कॉम्प्युटर असेल तर ऑपरेटिंग सिस्टीमचा. आकडे देऊन उदाहरण सोडवायला लावलं आहे का, की अर्धा पेपर ‘व्याख्या लिहा’ आणि ‘टीप लिहा’ असा आहे? दोन वर्षांचे प्रश्न शब्दशः सारखे आहेत का? तुम्हाला विषय कळत नसेल तरी एवढं कळतं.

याशिवाय काही संस्था स्वतःच विद्यापीठ आहेत. पुण्याचं सीओईपी १८५४ सालचं, ते २०२२ पासून स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं. माटुंग्याची आयसीटी ही रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग म्हणून सुरू झाली आणि २००८ पासून अभिमत विद्यापीठ आहे. केमिकल, औषधं, रंग, अन्न, पॉलिमर यात रस असलेल्या मुलाने तिच्यापुढे कॉम्प्युटरच्या मागे धावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथून जवळच असलेलं १८८७ सालचं व्हीजेटीआय स्वायत्त आहे, पण पदवी मुंबई विद्यापीठाची.

लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ हा जरा गोंधळाचा विषय आहे. रायगड जिल्ह्यातला त्यांचा स्वतःचा परिसर वेगळा आणि राज्यभर पसरलेली त्यांना संलग्न असलेली कॉलेजं वेगळी. ‘डीबाटूचं (म्हणजे या विद्यापीठाचं) कॉलेज आहे’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही, ते कॉलेज कोणतं हे बघावं लागतं.

आणि यादी पुण्या-मुंबईपाशी थांबवू नका. सांगलीचं वालचंद १९४७ पासून उभं आहे. कऱ्हाड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय कॉलेजं, नांदेडचं श्री गुरू गोबिंद सिंगजी, ही सगळी जुनी आहेत. त्यांच्या प्रयोगशाळा भरलेल्या आहेत, फी कमी आहे आणि त्यांचे माजी विद्यार्थी कारखान्यांत, पाटबंधारे आणि बांधकाम खात्यांत मोठ्या जागांवर बसलेले आहेत. अनेक घरं ही नावं न वाचताच पुण्याच्या तिसऱ्या फळीतलं महागडं खासगी कॉलेज वर लावतात. त्या मुलांचं यात खरं नुकसान होतं आणि मला ते दरवर्षी लागतं.

पर्सेंटाइल बाजूला ठेवा, मेरिट नंबर बघा

‘९४ पर्सेंटाइलला काय मिळेल?’ या प्रश्नाला नीट उत्तर नाही. पर्सेंटाइल सांगतं की तुमच्या मागे किती टक्के मुलं आहेत. जागा मात्र राज्य गुणवत्ता क्रमांकावर मिळते. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या बदलली की त्याच पर्सेंटाइलचा क्रमांक बदलतो. म्हणून गुणवत्ता यादी लागल्यावर तुमचा क्रमांक आणि मागच्या वर्षीचे कटऑफ शेजारी ठेवून वाचा.

सीईटी कक्ष प्रत्येक फेरीनंतर कटऑफची मोठी पीडीएफ लावतो. ती पहिल्यांदा उघडली की डोकं गरगरतं, पण तिची भाषा दहा मिनिटांत समजते. प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेखाली एक तक्ता असतो आणि स्तंभांवर ‘जी ओपन एस’, ‘एल ओबीसी एच’, ‘टीएफडब्ल्यूएस’ (शिक्षण फी माफीच्या जागा), ‘ईडब्ल्यूएस’ (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) असे संकेत असतात. पहिलं अक्षर ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण जागा, ‘एल’ म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर ‘एस’ असेल तर राज्यस्तरीय जागा, ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटीची, ‘ओ’ म्हणजे इतर विद्यापीठांच्या मुलांसाठीची. खाली मोठा आकडा मेरिट नंबरचा आणि त्याच्याखाली पर्सेंटाइल.

होम युनिव्हर्सिटी ठरते ती तुम्ही बारावी कुठून केली त्यावरून, गाव कुठलं यावरून नाही. बीडच्या मुलाने लातूरला अकरावी-बारावी केली, तर त्याचं होम विद्यापीठ नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ होतं, कारण लातूर जिल्हा त्यांच्याकडे आहे. बीड मात्र छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात येतं. अशा घरांतले वडील ‘आपलं’ विद्यापीठ समजून चुकीचा स्तंभ वाचत बसतात. आपला स्तंभ कोणता, हे एकदा कागदावर लिहून भिंतीला लावा.

मग एका वहीत तीन रकाने करा. मागच्या दोन-तीन वर्षांत ज्या शाखा तुमच्या क्रमांकाच्या बऱ्याच आधी बंद झाल्या, त्या पहिल्या रकान्यात. तुमच्या क्रमांकाच्या अलीकडे-पलीकडे फिरणाऱ्या दुसऱ्यात. खात्रीच्या तिसऱ्यात. कटऑफ दर वर्षी हलतो. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय नियामक संस्थेने २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांवरची जागावाढीची मर्यादा काढली, त्यानंतर कॉम्प्युटरच्या तुकड्या कितीतरी ठिकाणी वाढल्या. जिथे जागा वाढल्या तिथे कटऑफ खाली घसरू शकतो, म्हणून यंदाची मंजूर प्रवेशक्षमता जरूर बघा.

शाखा की कॉलेज

या प्रश्नावर घरोघरी भांडणं होतात. माझं मत सांगतो. मुलाला एखाद्या शाखेची खरी ओढ असेल तर शाखा धरा आणि त्या शाखेचं आपल्याला मिळणारं सगळ्यात चांगलं कॉलेज घ्या. ओढ म्हणजे काय, तर बारावीच्या सुट्टीत त्याने स्वतःहून काही केलं आहे: मोटर उघडून बसला, कोड लिहिला, काकांच्या साइटवर जाऊन सळ्या मोजल्या. ‘स्कोप आहे’ ही ओढ नव्हे. ओढ नसेल तर कॉलेज धरा, कारण चांगल्या कॉलेजात आजूबाजूची मुलं मेहनती असतात आणि मधला विद्यार्थी त्यांच्याबरोबर ओढला जातो.

नव्या नावांच्या शाखांबाबत थोडं थांबून विचार करा. कॉम्प्युटर, आयटी, एआय-डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशा चार शाखा एकाच कॉलेजात असल्या तर पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास बराचसा सारखा असतो. त्यांच्या कटऑफमधला फरक मागणीमुळे पडतो, शिक्षणामुळे नाही. एकाच कॉलेजात कॉम्प्युटर हुकलं आणि आयटी मिळालं म्हणून रडणाऱ्या मुलाला हे सांगायला हवं. मात्र तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या शाखेची एकही तुकडी अजून पास झालेली नसते, तिला स्वतःचे शिक्षक आहेत की कॉम्प्युटर विभागाचेच उसने घेतले आहेत, हे विचारा.

सरकारी नोकरीचा विचार असेल तर हिशोब उलटा होतो. यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन या चारच शाखांत होते. जाहिरातींत पदवीचं नाव नेमकं जुळावं लागतं. ‘अमुक अँड तमुक इंजिनिअरिंग’ असं लांबलचक नाव असलेली पदवी घेऊन मुलं नंतर समकक्षतेची पत्रं गोळा करत फिरतात. पदवीवर नाव काय छापून येणार, ते प्रवेशाआधीच विचारा.

पहिल्या वर्षानंतर शाखा बदलता येते, या भरवशावर नावडती शाखा घेऊ नका. बदल होतो, पण मोजक्या जागांवर आणि वर्गातल्या वरच्या मुलांचाच.

मधला विद्यार्थी कुठे सापडतो

एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या रँकिंगमध्ये भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने सरकारला दिलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर लावायची असते. हे रँकिंग २०१६ पासून निघतं आणि लोक फक्त क्रमांक बघतात. क्रमांकात संशोधन, लोकांचं मत वगैरे बरंच काही मिसळलेलं असतं. तुमच्या कामाचा आहे तो मागचा डेटा. संकेतस्थळावर ‘एनआयआरएफ’ नावाचा दुवा शोधा, पीडीएफ उघडा आणि चार वर्षांच्या पदवीचा प्लेसमेंटचा तक्ता काढा.

तिथे ओळीने हे आकडे असतात: त्या तुकडीची प्रवेशक्षमता, प्रत्यक्ष प्रवेश, डिप्लोमातून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं, ठरलेल्या चार वर्षांत पास झालेली मुलं, नोकरी लागलेली, पगाराचा मध्यक (पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि उच्च शिक्षणाला गेलेली. आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा पहिल्या वर्षाला ५०० आले, दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाचे ५० मिळाले, म्हणजे ५५०. त्यातले वेळेत पास झाले ४००. नोकरी २२०, उच्च शिक्षण ५०, मध्यक पगार साडेचार लाख. याच कॉलेजच्या बॅनरवर ‘सर्वाधिक पॅकेज ४० लाख, प्लेसमेंट ९० टक्के’ असं लिहिलेलं सापडू शकतं, कारण तिथे टक्केवारी फक्त ‘पात्र आणि नोंदणी केलेल्या’ मुलांची काढतात. तुमचा हिशोब सरळ ठेवा: ५५० आत गेले, २७० कुठेतरी लागले, १५० वेळेत बाहेरच पडले नाहीत. नोकरी लागलेल्यांतल्या निम्म्यांना साडेचार लाख किंवा त्याहून कमी. दोन कॉलेजांचे हे आकडे शेजारी लिहिले की निम्मे वाद तिथेच मिटतात.

वेळेत पास होणाऱ्यांचा आकडा मला पगारापेक्षा महत्त्वाचा वाटतो. केटी (राहिलेले विषय) लागत लागत इयर डाऊन झालेलं, म्हणजे वर्ष वाया गेलेलं, मूल आतून खचतं आणि ते कोणत्याही माहितीपत्रकात दिसत नाही.

हा तक्ता सगळ्या शाखांचा मिळून असतो. शाखावार आकडे प्लेसमेंट ऑफिसकडे मागा, आणि मागताना कंपन्यांची नावं नको, प्रत्येक कंपनीने किती मुलं घेतली ते मागा. एकाच मोठ्या आयटी कंपनीने सगळ्या शाखांतून सरसकट भरती केली असेल, तर मेकॅनिकलची प्लेसमेंट म्हणून दाखवलेली मुलं प्रत्यक्षात सॉफ्टवेअर टेस्टिंग करत असतात. ज्याला मेकॅनिकलमध्येच राहायचं आहे त्याने हे आधी जाणून घ्यावं.

शिक्षक

त्याच पीडीएफमध्ये शिक्षकांची यादी असते: नाव, पद, शिक्षण, अनुभव, रुजू झाल्याची तारीख. तुमच्या शाखेतल्या लोकांच्या रुजू तारखा वाचत जा. बहुतेक सगळे मागच्या वर्ष-दीड वर्षातले असतील तर त्या विभागात कोणी टिकत नाही. एआयसीटीईचा निकष वीस मुलांमागे एक शिक्षक असा आहे. कॉम्प्युटरच्या वर्षाला २४० जागा असतील तर चार वर्षांची ९६० मुलं, म्हणजे ४८ शिक्षक हवेत. विभागाच्या पानावर मोजून बघा. विसावर यादी संपली तर कोण शिकवतं, हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

नॅक आणि एनबीए या दर्जा तपासणाऱ्या दोन संस्थांतही गल्लत होते. नॅक अख्ख्या संस्थेचं मूल्यांकन करतं. एनबीए एकेका शाखेला मान्यता देतं, तीही तीन किंवा सहा वर्षांसाठी. कॉलेजच्या दारावर एनबीएचा फलक असला तरी तुमच्या शाखेला ती आहे का आणि अजून चालू आहे का, हे एनबीएच्या संकेतस्थळावर पडताळा. परदेशात पुढे शिकायचं किंवा काम करायचं मनात असेल तर आणखी एक बारकावा: भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, सदस्य आहे, पण त्याचा लाभ एनबीएच्या टियर-एक मान्यतेच्या शाखांना मिळतो. ही मान्यता विद्यापीठांच्या आणि स्वायत्त संस्थांच्या शाखांनाच मिळू शकते.

पैसे

शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासगी कॉलेजची मंजूर फी असते. त्यापेक्षा जास्त मागितलं तर पावती मागा.

कॅपमधून प्रवेश घेतला की सवलतींची दारं उघडतात, आणि व्यवस्थापन कोट्यातून घेतला की तीच बंद होतात. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळते. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अभिमत आणि खासगी विद्यापीठांत ही माफी लागू नाही. टीएफडब्ल्यूएसच्या जागा मंजूर क्षमतेवर पाच टक्के वाढीव असतात, त्यांचा चॉइस कोड (फॉर्ममध्ये भरायचा जागेचा क्रमांक) वेगळा असतो आणि शिक्षण फी लागत नाही. अट अशी की ती जागा घेतल्यावर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. सगळ्या योजनांत एक सावधगिरी: प्रवेशाच्या दिवशी कॉलेज किती रक्कम आगाऊ मागतं ते आधीच विचारून घ्या, कारण महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळणारे सवलतींचे पैसे उशिरा येतात आणि ऐनवेळी धावपळ होते.

फीच्या शेजारी राहण्या-खाण्याचा खर्च लिहा. शासकीय कॉलेजची फी आणि गावातली मेस, विरुद्ध पुण्यातली फी, कॉट बेसिसची खोली, मेस, गाडी. चार वर्षांची बेरीज केली की चित्र पार बदलतं. वसतिगृहात पहिल्या वर्षाला जागा नक्की आहे का, मुलींचं वसतिगृह आवारात आहे की दोन किलोमीटरवर, हेही त्याच कागदावर लिहा.

एक दिवस प्रत्यक्ष जा

दुसऱ्या रकान्यातल्या वरच्या तीन-चार कॉलेजांत तरी जाऊन या. रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून कौन्सेलरचं ऐकण्यात वेळ घालवू नका. विभागात जा आणि प्रयोगशाळा दाखवा म्हणा. वर्कशॉपमधल्या लेथच्या चकवर ताज्या तेलाचा ओलावा आहे की धुळीचा थर, हे लांबूनही दिसतं. ट्रेमध्ये ताज्या लोखंडी चुऱ्या पडलेल्या असतील तर त्या मशिनवर मुलं काम करतात. कॉम्प्युटर लॅबच्या दारावर वेळापत्रक चिकटवलेलं असतं, त्यात एका बॅचला किती मुलं लिहिली आहेत ते वाचा आणि आत चालू असलेले संगणक मोजा. ग्रंथालय संध्याकाळी किती वाजता बंद होतं ते विचारा.

मग गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर थांबा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारायचे प्रश्न साधे ठेवा: मागच्या सत्रात कोणता विषय कोणी शिकवलाच नाही? सबमिशनला फाइल स्वतः लिहिता की मागच्या वर्षीची उतरवता? तुझ्या धाकट्या बहिणीला इथे घालशील का? शेवटच्या प्रश्नाला मुलं क्षणभर थांबतात आणि मग खरं बोलतात.

ऑप्शन फॉर्म

फॉर्म भरायचा एकच नियम: जे जास्त हवं ते वर. ‘मिळणार नाही’ म्हणून वरचं कॉलेज गाळू नका, वर लिहिल्याने खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही. आणि जिथे मूल अजिबात जाणार नाही ते कॉलेज यादी भरायला म्हणून टाकू नका.

२०२५-२६ पासून हा नियम आणखी महत्त्वाचा झाला. त्या वर्षी चार फेऱ्या झाल्या आणि आपोआप जागा गोठण्याचा नियम आला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही मिळाला, की तो स्वीकारावाच लागतो. नाकारला तर पुढच्या फेऱ्या बंद. त्यामुळे वरच्या सहा जागा या घरात बसून, आवाज न चढवता, सगळ्यांच्या संमतीने ठरवायच्या. तिथे एकही पर्याय ‘बघू काय होतं’ म्हणून नको. यंदाच्या फेऱ्या आणि गोठण्याचे नियम सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेतून शब्दशः वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवरून नाही.

त्या सहांच्या खाली मोकळ्या हाताने भरा. तिसऱ्या रकान्यातली खात्रीची नावं शेवटी असलीच पाहिजेत. शाखांचे चॉइस कोड दोनदा तपासा, कारण एकाच कॉलेजच्या साध्या आणि टीएफडब्ल्यूएस जागेचे कोड दिसायला जवळजवळ सारखे असतात. फॉर्म शेवटच्या रात्री नाही, आदल्या दिवशी लॉक करा आणि छापील प्रत ठेवा. सायबर कॅफेवाल्याला पासवर्ड देऊन घरी जाऊ नका.

कागदपत्रांचं काम तर निकालाच्याही आधी सुरू करा. अधिवास, जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रीमी लेअर, उत्पन्न किंवा ईडब्ल्यूएस. नॉन-क्रीमी लेअर प्रवेशवर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. वैधतेच्या अर्जाच्या पावतीवर फॉर्म भरता येतो, पण ठरलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र दिलं नाही तर नाव खुल्या प्रवर्गात जातं आणि मिळालेली जागा हातची सुटते. जून-जुलैत सेतू केंद्रावर आणि जात पडताळणी समितीच्या कार्यालयात गर्दी उसळते, म्हणून हे काम त्याआधीच उरका.

जागा मिळाली की ती आधी ऑनलाइन स्वीकारा, स्वीकृती शुल्क भरा, आणि तीच जागा कायम करायची असेल तर मुदतीच्या आत कॉलेजवर हजर व्हा. पुढच्या फेरीत सुधारणा हवी असेल तर तसा पर्याय निवडल्याची नोंद पडद्यावर दिसते का ते बघा. पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला तर आधीची जागा आपोआप जाते, परत मागता येत नाही. कॉलेजने मूळ प्रमाणपत्रं पाहून परत द्यायची असतात, ठेवून घ्यायची नसतात. ती परत घेऊनच बाहेर पडा. पावतीवर शाखा, प्रवर्ग आणि फीचे वेगवेगळे रकाने नीट लिहिले आहेत का, हे काउंटरवरून हलण्याआधी वाचा. चूक असेल तर तिथेच उभं राहून दुरुस्त करून घ्या.